उजव्या सीटचा रोज

भाटियाचा फोन आला तेव्हा मी कुसुंब्याच्या विमानतळावर
इंजिनांच्या तोंडांना लाल झाकणं बांधत होतो.
मे महिना. डांबरावर बूट क्षणभर चिकटायचा.
शेठ लग्नाला गेलेले, कॅप्टन मोकाशी एसीत,
आणि मी, हेमकांत सुकलाल बाविस्कर, को-पायलट,
खांद्यावर दोन पट्टे, बगलेत बर्फाची रिकामी पेटी.

"तास किती झाले?"
"दोनशे एक्काहत्तर."
"या जेटवर?"
"एकोणीस."
तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
"मग सहा हजार रोज. उडाल त्या दिवसाचा.
उभं राहिलात तर तीन.
आणि खरं सांगू? इंदूरचा एक पोरगा
फुकट बसायला तयार आहे. नुसते तास द्या म्हणतो.
रात्रीपर्यंत कळवा."

गल्लीत मला पायलटसाहेब म्हणतात.
पाळधीच्या मावशीनं एका स्थळाला सांगूनही टाकलंय,
पोरगा महिन्याला चार लाख पाडतो.
मागच्या महिन्यात मी उडालो पाच दिवस.
या जेटचं रेटिंग घ्यायला आबांची दहाचाकी गेली,
ते मावशीला माहीत आहे, पण ती ते सांगत नाही.

घरी भरीत होतं. आबांनी कळण्याची भाकरी मोडली
आणि विचारलं, जसं कुणालाही विचारतात
जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, केळीच्या गाडीवर:
"तुले रोज कितला?"

मी सांगितलं. इंदूरच्या पोराचंही सांगितलं.

ट्रकमध्ये उजवी सीट ड्रायव्हरची.
बत्तीस वर्षं आबा तिथं बसले, सावद्याची केळी दिल्लीला नेत.
डावीकडे उखर्डू, क्लीनर.
काच पुसायचा, चाकाखाली दगड लावायचा,
ताडपत्री आवळायचा, गाडी मागे घेताना
फळीवर थाप मारून ओरडायचा, येऊ द्या, येऊ द्या.
विमानात बाजू उलट होतात एवढंच.
काच मी पुसतो. चाकाखाली ठोकळे मी लावतो.
धावपट्टीवर वेग चढायला लागला
की मोठ्यानं आकडे मी ओरडतो.

"उखर्डूला काय द्यायचात, आबा?"
"पहिला खेपले? त्याले गेअर बी माहीत नव्हता.
पंधरा रुपया आनि दोन टाइम जेवन."
"फुकट नाही?"
आबांनी घास ताटातच ठेवला.
"फुकट बसनाराले झोप लागस.
सेंधवाना घाटमा, रातले तीन वाजता,
मना डोया लागना. उखर्डूनी मांडीवर थाप मारी.
तो रोज त्या थापना व्हता."

मला आठवला दहा दिवसांपूर्वीचा धुरळा,
तापीवरून खाली येताना.
मी म्हणालो होतो, "सर, उंची."
मोकाशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
आणि नाक किंचित वर घेतलं.
बस. नंतर चहा पिताना त्यावर कुणी बोललं नाही.
बिलात त्याला रकाना नव्हता.

गच्चीवर जाऊन भाटियाला फोन लावला.
"दहा," म्हणालो. "उभं राहिलं तरी दहा."
आवाज माझा नव्हता, थोडा जाड होता.
पलीकडे लग्नाचा बँड की टीव्ही, कळेना.
"बघतो," तो म्हणाला. ठेवला.

इंदूरच्या पोरा, तुझं नाव विचारायला हवं होतं.
तुझ्यामाझ्यात तोच घाट आहे.
तूही आत्ता गच्चीवर असशील,
लॉगबुकातली बेरीज पुन्हा पुन्हा करत,
दुपारपेक्षा ती वाढली का बघत.

खाली आलो. आबा अंधारातच खाटेवर बसलेले.
"कितला सांगं?"
"दहा."
पंख्याकडे बघत राहिले थोडा वेळ.
"कमी सांगं."